अंगणात आलेली शाळा

(ताराबाई मोडक या भारतातील बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. लहान मुलांच्या शिक्षणाचा एक नवा विचार इटलीत जन्माला आला. तो विचार ठाणे जिल्ह्यातील गरीब मुलांच्या अंगणापर्यंत कसा पोचला, याची हकिकत या पाठात सांगितली आहे.)

कोपर स्थानक दुमजली आहे. खालच्या फलाटांवर मुंबईला आणि कल्याणला जाणाऱ्या लोकल गाड्या थांबतात. वरच्या फलाटावर दिवा-वसई मार्गावरची गाडी येते. या गाडीने वसईला जावे. तिथे गाडी बदलून विरार, पालघर, डहाणू रोड ही स्थानके मागे टाकावीत, म्हणजे घोलवड येते. घोलवडजवळ समुद्रकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. याच परिसरात कोसबादची टेकडी आहे. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. पण २०१४ सालापर्यंत तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता.

१९४५ साली त्रेपन्न वर्षांच्या एक बाई मुंबई सोडून बोर्डीला राहायला आल्या. मुंबईत त्यांची नावाजलेली बालशाळा होती. त्यांच्या हाताखाली शिकून अनेक शिक्षिका तयार झाल्या होत्या. एवढे सगळे असताना, या वयात, एका खेड्यात येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची त्यांना काय गरज होती? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे आणि बरेच दूर जावे लागेल.

इटली देशाची राजधानी रोम. तिथे सॅन लोरेन्झो नावाची गरीब कामगारांची वस्ती होती. आईवडील सकाळीच कामाला जात. तीन ते सहा वर्षांची मुले दिवसभर इमारतीत एकटी राहत, जिन्यांवर धावत, भिंती खराब करत. त्यांच्याकडे कोणी तरी लक्ष द्यावे, म्हणून इमारतीच्या चालकांनी मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरबाईंना बोलावले. ६ जानेवारी १९०७ रोजी माँटेसरीबाईंनी तिथे मुलांचे घर सुरू केले. मुलांच्या उंचीच्या छोट्या खुर्च्या, छोटी टेबले, हाताळायला लाकडी ठोकळे आणि मणी एवढेच तिथले सामान. छडी नाही, बक्षीसही नाही. मुलाने आपल्या आवडीचे काम निवडायचे आणि मनासारखे होईपर्यंत ते करायचे. ज्यांना सगळे जण खोडकर म्हणत, तीच मुले तासन्‌तास मन लावून काम करू लागली. लहान मूल म्हणजे मातीचा गोळा नव्हे, त्यालाही स्वतःची बुद्धी आणि स्वतःचा वेग असतो, हे माँटेसरीबाईंनी जगाला दाखवून दिले. त्यांचे पुस्तक १९१२ साली इंग्रजीत आले आणि देशोदेशीच्या शिक्षकांच्या हाती पडले.

त्यातलेच एक वाचक गुजरातमधील गिजुभाई बधेका हे होते. गिजुभाई खरे तर वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. त्याला चांगले शिक्षण कसे द्यावे, याचा विचार करताना त्यांना माँटेसरीबाईंच्या पद्धतीची ओळख झाली. पुढे त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. कोर्टात मोठ्यांशी वाद घालणारे गिजुभाई आता लहानांना गोष्टी सांगू लागले. मुलांवर त्यांची इतकी माया होती की लोक प्रेमाने त्यांना मिशाळ आई म्हणत.

याच काळात ताराबाई मोडक काठेवाडात राजकोटला होत्या. त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे, असे मानणारे हे घर होते. ताराबाई १९१४ साली बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण संसार सुखाचा झाला नाही आणि पतिपत्नी वेगळे झाले. पदरी एक लहान मुलगी होती. ताराबाई खचल्या नाहीत. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद स्वीकारले. पगार चांगला होता, मानही मोठा होता.

तरीही त्यांचे मन तिथे रमेना. शिक्षिकांना आपण जे शिकवतो त्याने मुले खरोखर आनंदाने शिकतात का, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. गिजुभाईंच्या बालमंदिराविषयी त्यांना कळले. १९२३ साली त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि भावनगरची वाट धरली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, एवढे मोठे पद भूषवल्यावर, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. मुलांच्या शेजारी जमिनीवर बसून त्या मुलांचे निरीक्षण करू लागल्या.

ताराबाईंची मातृभाषा मराठी. भावनगरची भाषा गुजराती. ताराबाईंनी गुजराती नुसती बोलण्यापुरती शिकली नाही. त्या गुजरातीत लिहू लागल्या आणि गुजराती मासिकाच्या संपादिकाही झाल्या. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाने शिक्षणपत्रिका हे मासिक काढले. ते गुजरातीत निघे, पुढे मराठीत आणि हिंदीतही निघू लागले. आडगावात एकट्याने काम करणाऱ्या शिक्षकाला या मासिकातून दूरचे प्रयोग कळत. इटलीत काय चालले आहे, भावनगरला मुले कशी शिकत आहेत, हे त्याला टपालाने घरबसल्या समजे. मूळचा विचार इटालियन भाषेतला. तो इंग्रजीत आला, इंग्रजीतून गुजरातीत आणि गुजरातीतून मराठीत आला. या प्रवासात प्रत्येक ठिकाणी कोणी तरी दुसऱ्याची भाषा कष्टाने शिकले होते, म्हणूनच तो पुढे सरकला.

गिजुभाई आणि ताराबाई माँटेसरीबाईंना गुरू मानत. पण त्यांनी आंधळे अनुकरण केले नाही. माँटेसरीबाईंना लहान मुलांना परीकथा सांगणे फारसे पसंत नव्हते. गिजुभाईंचा अनुभव वेगळा होता. गोष्ट सुरू झाली की मुले गोळा होतात, ऐकतात, बोलू लागतात, हे ते रोज पाहत होते. म्हणून भावनगरच्या बालमंदिरात गोष्टींना, गाण्यांना, गरब्याला आणि नाटकाला मानाचे स्थान मिळाले. गुरूकडून विचार घ्यावा, पण आपल्या मुलांकडे पाहून तो पारखून घ्यावा, हा धडा ताराबाईंनी तिथे गिरवला. तो त्यांना जन्मभर उपयोगी पडला.

सुमारे नऊ वर्षांनी ताराबाई भावनगरहून निघाल्या. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार ही बालशाळा सुरू केली. तिथे मुलांबरोबर शिक्षिकांचेही शिक्षण होऊ लागले. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले. ताराबाईंचा आधार गेला; पण संघाचे काम त्यांनी थांबू दिले नाही.

त्याच वर्षी स्वतः माँटेसरीबाई भारतात आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासला शिक्षकांचा वर्ग घेण्यासाठी आल्या होत्या. मुक्काम थोड्या महिन्यांचा ठरला होता. पण दुसरे महायुद्ध भडकले. इटली ब्रिटिशांच्या विरुद्ध युद्धात उतरली, तेव्हा इटलीच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर बंधने आली. १९४६ सालापर्यंत त्यांना भारतातच राहावे लागले. पण हा काळ त्यांनी वाया घालवला नाही. या वर्षांत त्यांनी भारतातील कितीतरी शिक्षकांना आपली पद्धत शिकवली. त्या इटालियन भाषेत व्याख्यान देत आणि त्यांचे चिरंजीव मारिओ त्याचे इंग्रजी भाषांतर करत. पूर्वी ज्यांचे विचार पुस्तकांतून समजून घ्यावे लागत, त्या बाई आता भारतीय शिक्षकांसमोर उभ्या होत्या.

माँटेसरी शाळांचे नाव शहरोशहरी गाजू लागले. पण ताराबाईंच्या मनात एक काटा सलत होता. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. गुलाबी रंगाचे, एकापेक्षा एक लहान असे दहा ठोकळे, जाड-बारीक दट्टे बसवण्याचे लाकडी साचे, खरखरीत कागदाची अक्षरे ही सगळी साधने मोजून-मापून तयार केलेली असत. ती घ्यायची तर पैसा हवा आणि ठेवायची तर चांगली इमारत हवी. म्हणून या शाळा बहुधा शहरातल्या सुखवस्तू मुलांसाठीच निघत. ज्या पद्धतीचा जन्म रोमच्या गरीब वस्तीत झाला, ती भारतात येऊन श्रीमंतांची झाली होती. मग खेड्यातल्या मुलांचे काय? गांधीजी खेड्याकडे चला असे सांगत होते. ताराबाईंना ते मनापासून पटले होते. मोठ्या शहरातली चांगली चाललेली शाळा दाखवून आपले काम पूर्ण झाले, असे त्यांना म्हणता येईना.

बोर्डीला त्या १९४५ साली का गेल्या, याचे हे उत्तर आहे.

बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मदतीला अनुताई वाघ आल्या. अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या. लहान वयातच त्यांना वैधव्य आले होते. शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोरिवलीला ग्रामसेविकांच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि पुण्यातली नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. ताराबाई आणि अनुताई यांची ही जोडी पुढे अठ्ठावीस वर्षे टिकली.

शाळा उघडली, पण ज्यांच्यासाठी ती उघडली होती ती मुले येईनात. आईवडील पहाटेच शेतावर, मजुरीला किंवा मासळीच्या कामाला जात. मुलाला अंघोळ घालून, कपडे घालून शाळेत पोचवणार कोण? शिवाय दलित आणि आदिवासी वस्तीतल्या लोकांना गावाच्या शाळेत पाय ठेवण्याचा संकोच वाटे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दूर ठेवले गेले होते. आज कोणी बोलावते म्हणून ते लगेच येणार कसे?

दोघींनी यावर विचार केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. त्या वस्तीत गेल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेतले. आजूबाजूची मुले गोळा केली. कोणाचे नाक पुसायचे, कोणाचे केस विंचरायचे, कोणाला अंघोळ घालायची, इथूनच शाळेला सुरुवात होई. नंतर गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरणारी ही वाडी म्हणजेच अंगणवाडी. उर्दूत ज्याला आपण आँगन म्हणतो, तेच हे अंगण. शब्द किती जवळचा आणि किती साधा आहे, पाहा!

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. समुद्रकिनाऱ्यावर शंख-शिंपल्यांची काय कमी? रानात बिया, पाने, फुले आणि काड्या होत्या. ओढ्यात लहानमोठे खडे होते. खडे लहान-मोठ्या क्रमाने लावले की आकाराची समज येते. बिया मोजल्या की गणित येते. रंगांप्रमाणे फुले-पाने वेगळी केली की नजर तयार होते. माँटेसरीबाईंच्या ठोकळ्यांमागे जो विचार होता, तोच या खड्यांमागे आणि बियांमागे होता. बदलला होता तो फक्त पदार्थ. त्याला पैसाही लागत नव्हता आणि हरवला तर रडण्याचेही कारण नव्हते.

हे बदल सर्वांनाच मान्य होते असे नाही. आपली साधने आणि शिक्षकांचे शिक्षण यांबाबत माँटेसरीबाई फार काटेकोर होत्या. कोणीही उठून मनाला येईल तसा बदल केला, तर मूळ पद्धत बिघडेल, ही त्यांची काळजी होती आणि ती खोटी नव्हती. पण ताराबाईंच्या समोर बसलेले मूलही खोटे नव्हते. महाग साधने मिळेपर्यंत त्याला थांबवून ठेवले असते, तर त्याचे बालपण निघून गेले असते. ताराबाईंनी मुलाची बाजू घेतली. मात्र त्यांनी गुरूशी किंवा जगातील शिक्षकांशी असलेले नाते तोडले नाही. १९४९ साली इटलीत आंतरराष्ट्रीय माँटेसरी परिषद भरली, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्या तिथे गेल्या. इटलीतून निघालेला विचार स्वीकारणाऱ्या ताराबाई आता इटलीला जाताना बोर्डीचा चार वर्षांचा अनुभव बरोबर घेऊन गेल्या होत्या.

१९५७ साली त्यांनी आपले काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर हलवले. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. टेकडीच्या आसपास वारली आदिवासींचे पाडे विखुरलेले होते. त्यांची बोली वेगळी. त्यामुळे शिक्षकांनाच आधी मुलांची बोली समजून घ्यावी लागली. इथे नव्या अडचणी समोर आल्या. थोरली बहीण शाळेत का येत नाही? कारण तिला तान्ह्या भावाला सांभाळायचे असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी सुरू झाली. भाऊ पाळणाघरात राहिला की बहिणीला शिकायची मोकळीक मिळे. या योजनेला त्यांनी विकासवाडी असे नाव दिले. मोठी मुले गुरे चारायला जात, म्हणून ती शाळेत येत नसत. तर गुरुजीच त्यांच्याबरोबर कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आणि मुले झाडाखाली शिकत. या शाळेला कुरणशाळा म्हणत. शाळेची वेळ आणि जागा मुलाच्या आयुष्याकडे पाहून ठरू लागली.

कोसबादचे हे प्रयोग पाहण्यासाठी शिक्षक आणि अभ्यासक येऊ लागले. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी कोसबादचे काम पुढे नेले. त्यांनाही पद्मश्री मिळाली. १९९२ साली अनुताईही गेल्या.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रथम ३३ ठिकाणी सुरू झालेली ही योजना पुढे देशभर पसरली. लहान मुलांना सकस आहार, लसीकरण आणि शाळेपूर्वीचे शिक्षण एकाच जागी मिळावे, हा तिचा हेतू होता. या योजनेतल्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचला आहे.

तुमच्या वस्तीतही एखादी अंगणवाडी असेल. कदाचित तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण तिथे जात असेल. एखादी ताई जमिनीवर बसून मुलांना गाणे शिकवत असेल. पुढच्या वेळी तिथून जाताना क्षणभर थांबा. रोमच्या एका गरीब वस्तीतून निघालेली गोष्ट भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाद असा प्रवास करत तुमच्या दारापर्यंत आली आहे. ती येऊ शकली, कारण एका मराठी बाईंनी परक्या मुलखातला चांगला विचार आपला मानला, शेजारच्या प्रांताची भाषा शिकून घेतली आणि जे मिळाले ते सर्वांत मागे राहिलेल्या मुलाच्या अंगणात नेऊन ठेवले.

शब्दार्थ

आद्य प्रवर्तक – सर्वांत आधी सुरुवात करणारा
अनुकरण – नक्कल
पारखणे – तपासून पाहणे
संकोच – भीड, लाज
काटेकोर – नियम बारकाईने पाळणारा
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
कुरण – गुरे चरण्याची गवताळ जमीन
मन न रमणे – मन न लागणे
मनात काटा सलणे – एखादी गोष्ट सतत मनाला टोचत राहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नूतन बालशिक्षण संघाची स्थापना कोणी व केव्हा केली?
(आ) कुरणशाळा कोणासाठी होती?

२. कारणे लिहा.
(अ) माँटेसरीबाईंना १९४६ सालापर्यंत भारतात राहावे लागले, कारण...
(आ) बोर्डीच्या शाळेत सुरुवातीला मुले येत नव्हती, कारण...

३. चार-पाच ओळींत उत्तर लिहा.
ताराबाईंनी माँटेसरी पद्धतीतून काय स्वीकारले आणि काय बदलले? तो बदल तुम्हाला योग्य वाटतो का?

४. उपक्रम.
जवळच्या अंगणवाडीला भेट द्या. तिथली मुले कोणकोणत्या वस्तूंनी खेळतात, त्यांची यादी करा. त्यांतल्या कोणत्या वस्तू पैसे न खर्चता परिसरातून मिळू शकतील, ते सांगा.